मंगळवारची हजेरी

रंगाऱ्याचं अपील 'विचाराधीन' होऊन दोन वर्षं उलटली होती. इतका विचार त्या कचेरीने दुसऱ्या कशाचा केला असेल असं वाटत नाही. निदान भिंतींच्या रंगाचा तर नक्कीच केला नव्हता. चार नंबरच्या खिडकीवर ओल आली होती, पोपडे सुटले होते आणि ते न खरवडताच कुणीतरी वरून ब्रश फिरवून मोकळा झाला होता. असलं काम बघून रंगाऱ्याचं कमरेपेक्षा डोकं जास्त दुखायचं.

कंबर गेली ती परांचीवरून पडून. खुबा मोडला, दोन मणके दबले. डॉक्टरांनी हाडं जुळवली, पण अर्धा तास सलग बसलं की डाव्या पायात आधी मुंग्या आणि मग अशी कळ, की डोळ्यांपुढे काजवे. त्याने अपंग भत्त्यासाठी अर्ज केला. कचेरीने कळवलं, 'अर्जदार बैठे काम करू शकतो.' कुठलं काम, ते मात्र कळवलं नाही. मग त्याने अपील केलं.

तेव्हापासून घर एकट्या बायकोवर होतं. ती रुग्णालयाच्या धुलाईघरात होती. ओल्या, जड चादरी यंत्रातून उपसायच्या, झटकायच्या आणि इस्त्रीच्या गरम रुळात सरकवायच्या. आधी एक पाळी होती, आता दोन झाल्या. भत्ता सुरू झाला की दुसरी पाळी त्याच दिवशी सोडायची, असं दोघांचं ठरलेलं. हल्ली तिच्या हातून कप निसटायचे. "हे नवे कपच मेले गुळगुळीत," म्हणत ती तुकडे गोळा करायची, आणि रंगारी मुकाट्याने केरसुणी पुढे करायचा.

"प्रत्यक्ष येऊन चौकशी करत जा," असं चार नंबरच्या खिडकीवाल्याने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. ब्याद टाळायला सगळे म्हणतात तसंच तो म्हणाला. पण रंगाऱ्याने ते मनावर घेतलं. दर मंगळवारी दहाच्या ठोक्याला तो काठी टेकत हजर. दारातल्या वहीत नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ लिहायची. चौकशी झाली की खिडकीवाला म्हणायचा, "विचार चालू आहे."

बाकावर नवनवे लोक यायचे. कुणाला भत्त्याच्या अर्जाचा 'क' नमुना आणि अपिलाचा 'ख' नमुना यांतला फरक कळायचा नाही, कुणी दाखला उलटा जोडायचं. रंगाऱ्याला आता सगळं तोंडपाठ होतं. थोडं बसून, थोडं भिंतीला टेकून, कळ आली की खिडकीच्या कट्ट्यावर कोपरं रोवून तो लोकांचे अर्ज भरून द्यायचा. शेवटी खिडकीवालाच ओरडायला लागला, "आधी त्या रंगारीकाकांना दाखवा, मग माझ्याकडे या!"

त्यानंतरचे बुधवार आणि गुरुवार तो जमिनीवर सतरंजी टाकून उताणा पडून असायचा. पण बुधवारची वही कचेरीत नव्हती.

एके दिवशी घरी कागद आला. खाली सही कचेरीच्या मुख्य अधिकाऱ्याची, ज्याला बाकावरचे लोक नियमसाहेब म्हणत. कागदात म्हटलं होतं की, दारातील नोंदवहीनुसार अपीलदार सलग दोन वर्षे दर मंगळवारी वेळेवर उपस्थित राहतो, चार तास थांबतो, अर्ज बिनचूक भरतो व जनतेला मार्गदर्शन करतो. सबब अपीलदार कचेरीतील बैठ्या कामास योग्य असून अपील फेटाळण्याचे प्रस्तावित आहे. म्हणणे मांडायचे असल्यास दोन महिन्यांत मांडावे.

रंगाऱ्याने कपाळावर हात मारला. गेला नसता, तर म्हणाले असते की अपीलदाराला रस नाही. गेला, तर म्हणे धडधाकट आहे!

बायकोने कागद दोनदा वाचला. "कचेरीतलं काम म्हणतायत?"

"हो. आणि गंमत बघ, तिथेच फळ्यावर जाहिरात लागलीय. अर्ज तपासायला माणूस पाहिजे. बैठं काम."

"मग करा ना अर्ज."

"अगं, मला अर्धा तास बसवत नाही, डोकं फिरलंय का तुझं?"

"ते तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. आता त्यांच्या तोंडून येऊ द्या. आणि हा कागद जोडा, याहून चांगली शिफारस कोण देणार तुम्हाला?"

दोन पाळ्या करून या बाईला एवढं सुचतं, आणि नियमसाहेबाला दिवसभर पंख्याखाली बसून काही सुचत नाही, याचा रंगाऱ्याला अभिमान वाटला आणि संतापही आला.

त्याने अर्ज केला. नोकरीचं काम मात्र झटपट झालं. नाही म्हणायचं असलं की कचेरीला पाय फुटतात. कचेरीच्या डॉक्टरांनी त्याला बसवलं, उठवलं, वाकवलं, पायाला टाचणी टोचली. पंधरा दिवसांत कागद हातात: 'उमेदवार अर्ध्या तासाहून अधिक बसू शकत नाही. कोणत्याही बैठ्या कामास कायमस्वरूपी अपात्र.' सही नियमसाहेबाची. घाईघाईत केलेली, पण तीच.

सुनावणीला रंगाऱ्याने दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

नियमसाहेबाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. कागद बदलले नव्हते. "हे बघा, हे दोन वेगळे विषय आहेत. एक भत्ता शाखेचा, एक आस्थापना शाखेचा."

"शाखा दोन असतील साहेब, कंबर एकच आहे."

खिडकीवाला फाइल घेऊन उभा होता. त्याला एकदम खोकला आला. नियमसाहेबाने स्वतःच्या दोन्ही सह्या ताडून पाहिल्या. दोन्ही खऱ्या म्हणाव्यात तर वरचे लोक हसणार, एक खोटी म्हणावी तर कुठली, ते लेखी द्यावं लागणार. दोन वर्षांचा विचार मग पाच मिनिटांत आटोपला. अपील मंजूर.

बायकोने ठरल्याप्रमाणे दुसरी पाळी त्याच दिवशी सोडली. पुढच्या मंगळवारी ती साडेतीनला घरी आली. त्या वेळेचं ऊन घरात कुठवर येतं हेही ती विसरली होती. रंगाऱ्याने चहा केला. तिने कप दोन्ही तळव्यांत दाबून धरला, बोटं वेगळीच राहिली.

"हात बघू तुझा."

"काही नाही झालेलं. आराम पडला की होईल सरळ."

त्याने तिचा पंजा ओढून घेतला. अंगठ्याखालचा मांसल भाग खोल गेला होता. दोन वर्षं समोर होता आणि त्याने पाहिला नव्हता. भिंतीवरची ओल तेवढी दिसली होती. त्याला स्वतःची लाज वाटली. तिचं लक्ष चहाकडे होतं तेव्हा त्याने तिच्या मधल्या बोटाच्या टोकाला नख रुतवलं, चांगलं जोरात.

"कळतंय?"

"काय?" ती म्हणाली.

रंगारी काठी टेकत उठला. बाकावरच्या लोकांसाठी आणून ठेवलेल्या कोऱ्या नमुन्यांचा गठ्ठा ट्रंकेत होता. त्यातला एक 'क' नमुना काढून तो घरच्या खिडकीच्या कट्ट्यावर कोपर रोवून उभा राहिला आणि पहिल्या ओळीत बायकोचं नाव लिहिलं.

"अहो, हे काय? किती वर्षं लावतील ते?"

"लावू दे. मंगळवारी मी रिकामाच असतो."

बाकी सगळ्या ओळी त्याने न विचारता भरल्या. सही मात्र तिलाच करायची होती. तिसऱ्या खेपेला पेन तिच्या बोटांत टिकलं.