थंड डोक्याचा वेड

मित्रांनो, मी टेक्सासातल्या एका शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे जुने हेल्मेट आहे. कारखान्यात माझ्यावर लोखंडी वजने आपटून मला पास केले, तेव्हा वाटले, आता कोणाच्या डोक्याला इजा म्हणून होणार नाही. केवढा तो गर्व!

मी तीन क्वार्टरबॅक, म्हणजे डाव सांगून चेंडू फेकणारे खेळाडू, पाहिले. चेंडू हाती आला की समोरून शंभर-शंभर किलोची धिप्पाड पोरे अंगावर येतात. पहिला त्यांच्याकडेच बघत बसे. दुसरा घाईने चेंडू भिरकावून मोकळा होई. तिसरा, वेड ओर्साक, मात्र जागचा हलत नसे. मार बसणार हे ठाऊक असूनही तो दूर पळणाऱ्या आपल्या गड्याला शोधत राही. गाव त्याला थंड डोक्याचा म्हणे आणि मी फुशारून जाई.

बाद फेरीच्या शनिवारी दुपारी त्याला मागून धडक बसली. पुढच्या डावात तो तसाच शांत उभा राहिला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पण त्याचा श्वास मला अनोळखी वाटत होता. त्याला समोरचे काही दिसतच नव्हते.

खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या ट्रेनर लोरेटाबाईंना संशय आला. आमच्याकडची रीत अशी, की खेळाडूशी वाद घालायचा नाही, सरळ हेल्मेट काढून घ्यायचे, म्हणजे तो मैदानात उतरूच शकत नाही. मला मांडीवर घट्ट धरून त्या बाकावर बसल्या. मला हायसे वाटले.

"द्या हो ते, बाई," कोच म्हणाले. "पोरगं किती थंड उभं होतं, बघितलंत ना?"

"तेच बघितलं," बाई म्हणाल्या. "वेड, आज कुणाशी खेळतोय रे आपण?"

वेडचा जिवलग टकर, प्रत्येक डावात त्याच्या हाती चेंडू देणारा, मागेच उभा होता. त्याने हळूच प्रतिस्पर्धी शाळेचे नाव पुटपुटले. वेडने ते म्हटले. बाईंनी नाइलाजाने मला परत दिले.

मैदानात वेडने गड्यांना गेल्या वर्षीचा, आता कोणी खेळत नसलेला डाव सांगितला. टकरचा चेहरा उतरला. त्याने एक हात वर केला असता तर खेळ थांबला असता. पण त्याने खाली वाकून चेंडू वेडच्या हाती दिला.

त्या डावात वेडच्या डोक्याला दुसरी धडक बसली. वेड जिवंत आहे. त्याची आई त्याला चमच्याने भरवते. मी शाळेच्या कपाटात असतो, आणि मला फार लाज वाटते.

मित्रांनो, संकटात कोणी फार शांत दिसला तर टाळ्या वाजवण्याआधी त्याच्याजवळ जा. त्याला विचारा. आणि उत्तर त्याचे त्यालाच देऊ द्या.