माहीतगार

“अहो, ते कार्ड काहून नाही दाखवून राहिले त्याले?” बँकॉकच्या टॅक्सीत जिजाबाईंनी तिसऱ्यांदा विचारले.

“गप बस वं,” बाबाराव कुजबुजले. “कार्ड दाखवलं की त्याले समजते, नवखा हाये. मंग कापते तो आपल्याले.”

हे बाबारावांना कोणी शिकवायची गरज नव्हती. नागपुरात गणेशपेठच्या बस स्टँडवर त्यांनी एकतीस वर्षे ऑटो चालवला होता. गिऱ्हाईक बसले की ते सहज विचारत, “कोणत्या रस्त्यानं घेऊ?” ज्याने “तुम्हाला बरं वाटेल तिकडून” म्हटले, तो बाहेरगावचा, त्याचे भाडे तिथल्या तिथे दीडपट व्हायचे. मीटरला त्यांनी प्लास्टिकचा गुलाब लावला होता, बाकी काही काम त्याला नव्हते. मुलगी गुंजन कंपनीच्या कामाने बँकॉकला होती. तिने आईबाबांना आठ दिवस बोलावून घेतले, तेव्हा बाबारावांनी आपल्या साऱ्या सक्करदरा मोहल्ल्यात छाती ठोकून सांगितले होते, “तिथं टॅक्सीवाल्यानं मले एका रुपयानं फसवलं, तर ऑटो विकून टाकतो.”

हॉटेलचे थाई अक्षरांतले कार्ड गुंजननेच दिले होते आणि बजावले होते, मीटर लावायला सांगा. मीटर तर टॅक्सीवाल्याने आपणहून लावला. तिथेच बाबारावांना संशय आला. इतका सज्जन माणूस या धंद्यात त्यांनी आरशातसुद्धा पाहिला नव्हता. टॅक्सीवाल्याने मान वळवून हातानेच विचारले, डावीकडे की उजवीकडे? बाबारावांनी ओळखले, हाच तो प्रश्न. सारा जन्म बँकॉकात गेल्यासारखा त्यांनी उजवीकडे हात केला.

मग सरळ. मग डावीकडे. बाबाराव हात करीत होते आणि तो बिचारा वळत होता. एक सोनेरी कळस उजव्या अंगाने गेला, थोड्या वेळाने डाव्या अंगाने आला.

“आपण जिथून टॅक्सीत बसलो, तेच देऊळ हाये हे,” जिजाबाई म्हणाल्या.

“इकडं सारी देवळं सारखीच राह्यतेत.”

बोलले खरे, पण त्यांची नजर मीटरवरून हटत नव्हती. तेच देऊळ तिसऱ्यांदा आले, तेव्हा जिजाबाईंनी नवऱ्याच्या खिशातून कार्ड उपसून पुढे धरले. टॅक्सीवाल्याने कार्डाकडे पाहिले, बाबारावांकडे पाहिले आणि मीटर बंद केला. हॉटेल त्या देवळामागे दोन गल्ल्या सोडून होते.

मीटरवर चारशे झाले होते. बाबारावांनी शंभराच्या चार नोटा पुढे केल्या. त्याने दोनच घेतल्या, दोन परत दिल्या आणि हात जोडले. त्याने शिवी दिली असती तर बाबारावांना बरे वाटले असते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखे झाले.

“यानं तर नाही फसवलं, तुमीच फसवलं सोताले,” लिफ्टमध्ये जिजाबाई म्हणाल्या. “आता ऑटो विकता का कसं?”

बाबाराव लिफ्टची बटणे वाचू लागले.

नागपुरात घरी पोचून बॅगा खाली ठेवतात तोच शेजारचे मधुकरराव फाटकाशी हजर. “काय गा बाबाराव, कापलं का नाही टॅक्सीवाल्यानं?”

बाबारावांचा चेहरा पडला. दारातून जिजाबाई म्हणाल्या, “ह्यायले कोण कापते भाऊ? तिथले रस्तेबी तोंडपाठ हायेत ह्यायचे!” आणि सरळ आत जाऊन त्यांनी चहा ठेवला. बाबारावांना बायकोच्या पाया पडावेसे वाटले. पण तशी पद्धत नाही, म्हणून त्यांनी दोन कप चहा प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गणेशपेठला नरखेडची एसटी लागली. मोसंब्यांची पिशवी सावरत एक म्हातारी बाई ऑटोत बसली. नाव रुखमाबाई, लेकीकडे पहिल्यांदाच एकटी आलेली.

“सक्करदऱ्याले घे गा.”

“कोणत्या रस्त्यानं घेऊ मावशी?” सवयीने तोंडातून निघून गेले.

रुखमाबाईंच्या डोळ्यांत क्षणभर भीती दिसली. मग त्यांनी पदर खोचला, मान ताठ केली आणि हात लांब केला. “तिकडून, बर्डीकडून! मले समदे रस्ते माहीत हायेत. फसवू नोको.”

सक्करदरा नेमका उलट्या अंगाला होता. बाबारावांनी त्या लांब केलेल्या हाताकडे पाहिले. तो हात त्यांच्या चांगलाच ओळखीचा होता.

“बरोबर हाये मावशी,” ते म्हणाले, “तिकडूनच जातेत,” आणि त्यांनी ऑटो बर्डीकडे वळवला.

मोठा वळसा घालून ते सक्करदऱ्याला पोचले. बाबारावांनी सरळ रस्त्याचे ऐंशी रुपये सांगितले.

“जावयानं इतकेच सांगतले होते,” रुखमाबाई खूश झाल्या. “रस्ता माहीत असला का कोणी कापत नाही, पाह्य गा.”

“खरं हाये मावशी.”

त्या ताठ मानेने गल्लीत शिरेपर्यंत बाबारावांनी ऑटो सुरू केला नाही.