काळी पडलेली बाटली

पिंपळगाव राजा या गावातल्या मंडपात दर गुरुवारी बायांची रीघ लागायची. संतानेश्वर महाराज काचेची बंद बाटली उंच धरत. आत ना माती, ना वारा, तरी हिरवीगार इवली रोपं!

"हे देवफूल हाय, माय! ज्या घरी हिरवं राहीन, त्या घरी पाळणा हालन. काळं पडलं, तर समजा बाईच्या पोटी पाप!"

मूल व्हावं म्हणून निशिगंधानं घरी नेलेली बाटली काळी पडली होती. सासू गोजरबाईनं तिला पापीण ठरवलं, नवऱ्यानं माहेरी आणून टाकलं. पोटासाठी तिनं ऑर्किडची रोपं तयार करणाऱ्या टिश्यू कल्चर प्रयोगशाळेत नोकरी धरली. पहिल्याच दिवशी मांडणीवर शेकडो 'देवफुलं' दिसली आणि तिच्या अंगाची लाही झाली. ती रडली नाही. काम शिकली, आणि सूड घ्यायचाच म्हणून दोन बाटल्या घेऊन मंडपात आली.

"महाराज, तुमचा हात तं पवित्र हाय न?"

"गंगेसारखा!"

"मंग घाला बोट या बाटलीत. दुसरीले कोणी उघडणार नाई. दोन्ही सरपंच आशाबाईच्या कुलपात राहतीन. पाहू, पाप कोणाचं निघते!"

"देवाची परीक्षा घेतं का वं?"

"देवाची नाई, तुमची."

मागून बाया ओरडल्या, "घाला न महाराज, भेता काऊन?" महाराजांना झक मारत बोट घालावं लागलं.

पुढच्या गुरुवारी आशाबाईंनी कुलूप काढलं. बंद बाटली हिरवीगार. महाराजांची बुरशीनं काळी ठिक्कर!

"बोला महाराज, तुमच्या पोटी कोणतं पाप?" निशिगंधानं बाटली त्यांच्या नाकापुढं नाचवली. त्यांना फुटलेला घाम ती डोळे भरून पाहत राहिली. मग बायांकडे वळली.

"हे रोप झाडाच्या बारक्या तुकड्यापासून वाढवतात. खाली जेलीत साखरेचा खुराक, सारे जंतू वाफेनं मारलेले. झाकण बंद, तोवर हिरवं. उघडलं, की हवेतली, बोटावरची बुरशी साखरेवर तुटून पडते. जिले दिवस गेल्याचं याले बायाइच्या बोलण्यातून आधीच कळे, तिले म्हणे, झाकण उघडू नको. बाकीच्या आमाले म्हणे, रोज बोटानं आत कुंकू लाव!"

महाराज मागच्या मागं सटकत होते. बायांनीच धरून पोलिसांच्या हवाली केलं.

गोजरबाई हात जोडून पुढं आली. "चुकलं मायं. घरी चाल वं, पोरी."

"नाई येत, आत्याबाई. लेकरू काऊन होत नाई, हे बाटलीले नाई, डॉक्टरले पुसा लागते. अन् तपासणी दोघाचीबी करा लागते. आधी तुमच्या पोराले घेऊन जा."