चिक्कीचा तुकडा

गाडीतून उतरल्यापासून सरलाताईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. असेल कसा? करून बसल्या होत्या ना! सून प्राची तिकिटं काढायला गेली, तेवढ्यात त्यांनी पर्समधून दाण्याची चिक्की काढली. संकष्टीचा उपास, सकाळपासून पोटात नुसता चहा. शेजारी सहा वर्षांची नात अनुष्का टकामका बघत उभी. लहान मुलासमोर एकटीनं खाऊ नये, हे त्यांचं बाळकडू. घास गिळवेल कसा? नखाएवढा तुकडा मोडून त्यांनी पोरीच्या तोंडात घातला आणि बजावलं, मम्मीला सांगायचं नाही.

अनुष्काला शेंगदाणा चालत नाही, हे पुण्यात असताना फोनवर शंभरदा ऐकून झालं होतं. ऑकलंडला आल्यावर पुन्हा ऐकवलं होतं. पण हे सगळं इथल्या डॉक्टरांचं खूळ, अशी त्यांची पक्की खात्री. सात पिढ्या दाण्याच्या कुटावर पोसल्या, कुणाला काही झालं? खात्री होती खरी, पण तुकडा देईपर्यंतच.

ऑकलंडच्या बॉटनी भागाजवळचं हे जुनं इंग्रज खेडं म्हणजे दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वी बोटींतून आलेल्या गोऱ्यांची लाकडी घरं, एका जागी आणून मांडलेली. चर्च, लोहाराचा भाता, शाळा, मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या. प्राची हौसेनं एकेक दाखवत होती. सरलाताई मान डोलवत होत्या आणि बघत होत्या नातीच्या ओठांकडे. लोहाराकडे पोर खोकली. शाळेत शिरल्यावर मान खाजवायला लागली. जुन्या काळच्या शिक्षिकेच्या वेशात, झालरीची टोपी घातलेल्या तिथल्या बाईंनी हौसेनं पाटी पुढे केली, तर ती घेतलीसुद्धा नाही.

प्राचीला वाटलं, गवताचा त्रास. डिसेंबरात, इथल्या उन्हाळ्यात, तिला शिंका येतातच. तरी तिनं खाली बसून विचारलं, काही खाल्लंस का? अनुष्कानं आजीकडे बघितलं. ओठ सुजले होते, छातीत घरघर लागली होती.

"नो," ती म्हणाली.

एवढीशी पोर, श्वास पुरत नाही, आणि आजीला दिलेला शब्द पाळतेय! बोलावं तर सुनेच्या नजरेतून कायमच्या उतरणार. गेली खड्ड्यात ती नजर.

"प्राची, मी दिली तिला. दाण्याची चिक्की. गाडीपाशी."

प्राचीनं अशा वेळेसाठी बॅगेत ठेवलेलं इंजेक्शन काढून पोरीच्या मांडीत कपड्यांवरूनच टोचलं आणि टोपीवाल्या बाईंना अँब्युलन्स बोलवायला सांगितलं. सरलाताई बाक धरून उभ्या राहिल्या. ज्या गणपतीसाठी उपास धरला, त्याला हात जोडायचीही त्यांना लाज वाटली.

अँब्युलन्स आली तोवर श्वास जरा मोकळा झाला होता. तरी हॉस्पिटलात नेऊन काही तास लक्ष ठेवावं लागेल, असं त्या माणसांनी सांगितलं. स्ट्रेचरवरून अनुष्कानं हात लांब केला. "आय वाँट आजी."

सरलाताई पुढे झाल्या, तशी प्राची मध्ये आली. बॅगेतून ओल्या वाइप्सचं पाकीट काढून तिनं पुढे धरलं.

"आधी हात पुसा, आई."

त्यांनी पुसले. एकेक बोट, नखांच्या खालीसुद्धा. प्राचीनं त्यांचे दोन्ही तळहात उलटेपालटे करून बघितले आणि मगच त्यांना आत चढू दिलं.