रविवारचा हेब्बंडेदुर्ग

आमच्या ह्यांनी एकसष्टाव्या वर्षी सायकल घेतली. साधी नव्हे, ग्रॅव्हल बाइक. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, आणि डांबर सोडून खडी-मातीतून हिंडायचं म्हणून जाडजूड टायर. जे. पी. नगरातल्या आमच्या हॉलमध्ये जिथे माझं शिलाई मशीन होतं, तिथे ती उभी राहिली. मशीन गेलं माळ्यावर. मी चार दिवस बोलले नाही. ते ह्यांच्या लक्षातच आलं नाही, म्हणून पाचव्या दिवशी बोलले.

सूर्यकांत त्यांचं नाव. सायकलवाल्या पोरांमध्ये सूर्यकांत अण्णा. पस्तीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं, त्यामुळे देवाधर्माचं नाव काढलं की नाक मुरडणार. माझ्या संकष्टीला मुद्दाम विचारणार, "नीलिमा, आज चंद्र किती वाजता हजेरी लावणार?" आमच्या लग्नात त्यांनी हात जोडले होते, तेही भटजींनी दोनदा सांगितल्यावर.

रविवारी पहाटे पाचला स्वारी घराबाहेर. मागडीच्या बाजूला टेकड्या आहेत, पडके किल्ले आहेत, पण ह्यांचा जीव एकाच ठिकाणी जडलेला: हेब्बंडेदुर्ग. अर्धा दरवाजा, दोन बुरूज, पायथ्याशी छप्पर उडालेलं आंजनेयाचं, म्हणजे आपल्या मारुतीचं, देऊळ. तिथवर नाचणीच्या शेतांतून आणि निलगिरीच्या रानातून जाणारी कच्ची वाट ह्यांनी स्वतः शोधून काढलेली. मी त्या किल्ल्याला सवत म्हणायचे.

चेष्टेतच म्हणायचे. पण एक गोष्ट चेष्टेतली नाही, ती आधीच सांगून टाकते. पाच वर्षांपूर्वी मला कॅन्सर झाला. शुक्रवारी केमो, आणि रविवार सगळ्यांत वाईट. तोंडाला चव नाही, डोळे उघडवत नाहीत, आणि अशा रविवारी हा माणूस पहाटे उठून सायकलवर टांग टाकून निघून जायचा. एकही रविवार चुकवला नाही. माझ्याजवळ बसायला व्हाइटफील्डहून आमची लेक आश्लेषा यायची. मी बरी झाले. ह्यांना कधी विचारलं नाही, की त्या दिवसांत मला टाकून तुम्ही का जात होता. बाकीचे सहा दिवस ह्यांनी माझं सगळं केलं, पार उलट्याही काढल्या, म्हणून तोंड उघडलं नाही. पण पाच वर्षं ते माझ्या मनात सलत होतं.

तर ह्या महिन्यात स्वारी पडली. डोंगरात नव्हे, आमच्याच फाटकापाशी, गल्लीतल्या कुत्र्याला वाचवताना. खांद्याचं हाड मोडलं, हात झोळीत. डॉक्टर म्हणाले, दोन महिने सायकलचं नाव नको. मला वाटलं, चला, रविवारी नवरा घरी. कसचं काय! पहाटे पाचला उठून हॉलमध्ये येरझाऱ्या. दुसऱ्या रविवारी तसंच. तिसऱ्या रविवारी तर म्हणाले, "स्वल्प, जरा कारनं सोडतेस का ग मागडीकडे?" मी म्हटलं, "आता त्या दगडांना भेटायला कार काढू?" पुन्हा येरझाऱ्या सुरू. चेहरा मात्र इतका उतरला, की माझा चहा गोड लागेना.

आमच्या वरच्या मजल्यावर संहिता भाड्यानं राहते. पुण्याची पोरगी, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी, तिलाही हेच वेड. त्या संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन खाली आली.

"काका, नेक्स्ट संडेला आमचा चाळीस जणांचा ग्रुप तुमच्या हेब्बंडेदुर्ग रूटवर जातोय. तुमचाच जीपीएस ट्रॅक सगळ्यांच्या डिव्हाइसवर टाकते. पण त्यात एक ग्लिच आहे." तिनं नकाशावर बोट ठेवलं. जांभळी रेघ छान वळणं घेत डोंगराच्या पायथ्याशी आली होती, आणि तिथे एका ठिपक्याभोवती तिचा नुसता गुंता. "बघा ना, तुम्ही गोल गोल फिरताय असं दाखवतंय. जुने ट्रॅक पण पाहिले, सगळ्यांत सेम. तिथल्या खडकात लोखंड असेल, म्हणून सिग्नल गंडतो का?"

खडकातल्या लोखंडानं उपग्रहाचा सिग्नल गंडतो असं कुणी म्हणालं, तर ह्यांनी त्याला अर्धा तास सोडला नसता. पण हे म्हणाले, "असेल, असेल."

"मग क्लीन करू?"

"नको. असू दे तसंच. सरी? चालेल?" आणि उठून बाल्कनीत गेले. कान लाल झालेले मी पाहिले.

पुढच्या रविवारी मीच म्हटलं, कार काढते, चला. पोरांसाठी पातेलंभर उप्पीट घेतलं. गाडी मी चालवत होते आणि हे शेजारी बसून "इथे डावीकडे, त्या चिंचेपाशी सावकाश" करत होते. मोठ्या रस्त्यानं गेलो, तरी पोरं आमच्या आधी पोचली होती.

समोरचं दृश्य पाहून मी ब्रेकच दाबला. त्या बिनछपराच्या देवळाभोवती हेल्मेट घातलेली चाळीस माणसं सायकलवरून गोल फिरत होती. सगळी गंभीर. मध्येच कुणी बाहेर पडलं, की हँडलवरचं यंत्र 'वाट चुकलात' म्हणून ओरडायचं, की तो निमूटपणे परत रांगेत. दिवसभर स्क्रीन सांगेल तसं वागणारी माणसं, रविवारी तरी वेगळी कशी वागतील?

मी हसून बेजार झाले. मग सवयीनं मोजायला लागले. संहिता सगळ्यांत शेवटी, तेव्हाच रांगेत शिरत होती, तिच्यावरच डोळा ठेवला. देऊळ उजव्या हाताला ठेवून फिरत होती. एक, दोन, तीन... अकरा. अकराव्या फेरीनंतर तिचं यंत्र गप्प झालं आणि ती किल्ल्याच्या वाटेला लागली. माझं हसू तिथेच थांबलं. मारुतीला अकरा प्रदक्षिणा मी दर शनिवारी घालते.

झाडाखाली शहाळी विकणारी एक अज्जी बसली होती. ह्यांना पाहून ती कन्नडमध्ये म्हणाली, "काय यजमान, तीन रविवार आला नाहीत? मी म्हटलं, बायकोचं पुन्हा काही बिघडलं की काय." मग माझ्याकडे निरखून पाहिलं. "नीवेना? ती तुम्हीच का, अक्का?"

मी ह्यांच्याकडे वळले. हे बुरुजाकडे बघत होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुझ्या पहिल्या केमोनंतरचा रविवार."

"घराजवळ मारुती नव्हता? इतक्या लांब?"

"तिथे सगळे ओळखतात ग. जन्मभर त्यांची टिंगल केली, कुठल्या तोंडानं जाऊ?" मग खाली बघत म्हणाले, "फार घाबरलो होतो, नीलिमा. तुला तसं पडलेलं बघवत नव्हतं, आणि हातात काही नव्हतं. माझा विश्वास नाही, आजही नाही. पण तू बरी झालीस, मग थांबवायचं धाडस होईना."

"आणि मी पाच वर्षं समजत होते, की तुम्हाला माझा कंटाळा आला!" माझा आवाज इतका चढला, की अज्जीनं कोयता खाली ठेवला. "एक शब्द बोलायला काय झालं होतं? अहो, मी रडत होते दर रविवारी!" आणि तिथे भर उन्हात, उप्पिटाचं पातेलं हातात धरून, मी पुन्हा रडले. ह्यांनी बऱ्या हातानं पातेलं घेतलं. हा माणूस माझ्यासाठी स्वतःला लाज वाटेल ते करत होता आणि मी त्याच्यावर रुसून बसले होते. इतकं प्रेम मला त्यांच्याबद्दल लग्नातही वाटलं नव्हतं.

"तीन रविवार चुकले," ते हळूच म्हणाले. "तेहेतीस राहिल्या."

"चाळीस पोरांनी घातल्या की आत्ता."

"दुसऱ्यांनी घातलेल्या धरत नाहीत ग." फिजिक्सचे प्रोफेसर मला शास्त्र सांगत होते!

"चला मग. आज अकरा, बाकीच्यांसाठी दर रविवारी मी आणीन तुम्हाला."

आम्ही चालत सुरुवात केली. त्यांचा हात झोळीत, माझे गुडघे दुखरे. संहिता किल्ल्यावरून उतरून आली आणि बघत राहिली. "काकू, मग तो ग्लिच..."

"हात लावून तर बघ!"

मध्येच ह्यांनी दम खात विचारलं, "मोजतेयस ना?"

डोळ्यांच्या पाण्यात मी चौथीलाच आकडा विसरले होते.

"आठवी," मी ठणकावून सांगितलं.