बाहेर पडायचा बाण

बाबांना आताशा सकाळचं दुपारी आठवत नसे, आणि लेकीला तर कामावर जाणं भागच होतं. दादाने फोनवर निक्षून सांगितलं होतं, "एकदा जरी घोळ झाला, तर सरळ वृद्धाश्रम. मग रडायचं नाही." त्याचं काय जातंय बोलायला!

बाबांनी जन्मभर कारखान्यात यंत्रं दुरुस्त केलेली. भिंतीवर चौकोन-बाणांचा तक्ता दिसला की अजूनही बोट ठेवून एकेक बाण पाळायचे, मधेच सोडणं ठाऊक नाही. म्हणून आपण नसताना बाबांनी दिवसभर काय करायचं याचा तसाच तक्ता लेकीने ऑनलाइन करून पाहायला घेतला. पहिल्या साइटने एक चौकोन काढू देण्याआधीच कार्डाचा नंबर मागितला. दुसरीवर माइंड मॅप होता, मधे गोल आणि चहूकडे रंगीबेरंगी फांद्या. तो बघून बाबा वैतागले, "सुरुवात कुठाय याची?" तिसरी फुकट आणि सरळ होती. गॅस बंद आहे का? जेवणानंतरची गोळी घेतली का? हो, नाही, बाण. झकास जमलं.

घोडं अडलं ते एकाच प्रश्नापाशी. आई कुठे आहे? बाबा रोज विचारत, आणि खरं सांगितलं की रोज नव्याने कोसळत. लेकीला ते बघवेना. तिने लिहिलं: आई बाजारात गेली आहे. खुर्चीत बसा. आली का? 'हो'चा बाण तिने जेवणाकडे नेला, 'नाही'चा परत खुर्चीकडे, आणि प्रिंट भिंतीवर लावून ती कामावर गेली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा ताट तसंच झाकलेलं, गोळ्या तशाच. बाबा खुर्चीत, ओठ सुकलेले, पायजमा ओला. तिच्या देखत ते उठले, दारातून बाहेर डोकावले आणि परत येऊन बसले.

"बाबा, जेवला का नाहीत?"

"ती आल्याशिवाय पुढे कसा जाणार?" ते चिडून म्हणाले. "कुणी केलाय हा तक्ता? बाहेर पडायचा बाणच नाही याला."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने त्यांना पाणी पाजलं, कपडे बदलले, चार घास भरवले. मग लॅपटॉप उघडून 'नाही'चा बाण खुर्चीपासून सोडवला आणि नवा चौकोन काढला. दोनदा लिहून खोडलं. शेवटी टाइप केलं: आई वारली आहे. तुम्ही जेवून घ्या.

बाबा मागेच उभे होते, हे तिच्या लक्षातच आलं नाही. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि हुंदके देत खाली बसले. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले. "प्रिंट काढ. उद्या मला परत लागेल."