विसावा फोटो

मी पेटी बोलतेय. वाजवायची पेटी नव्हे, दागिन्यांची तर नव्हेच. मी फोटोंची पेटी. जाड पुठ्ठ्याची, काळ्या कापडाची, पुस्तकासारखी उघडणारी.

कोर्टाची रजिस्टरं बांधणाऱ्या एका बाइंडरच्या टेबलावर माझा जन्म झाला. ताई माप घेऊन आल्या तेव्हा तो म्हणाला, "एवढी मोठी? नकाशे ठेवणार का?"

"फोटो."

"फोटो भिंतीवर लावतात, ताई."

"भिंत मिळेपर्यंत पेटीत."

तो हसला आणि मला मन लावून बांधलं. खळ वाळेपर्यंत तीन दिवस त्यानं माझ्यावर रजिस्टरांचा ढीग ठेवला होता. बाळपण म्हणाल तर ते एवढंच.

ताई फोटोग्राफर. आठवड्यातले तीन दिवस त्या पोटासाठी फोटो काढत. नळ, फरशा, शाळांचे ग्रुप, पासपोर्टचे चेहरे. उरलेले दिवस स्वतःच्या कामाचे, आणि ते काम म्हणजे मोठ्या दवाखान्याची लाँड्री. तळघरात वाफेनं ओल्या झालेल्या भिंती, चादरींचे डोंगर, आणि त्या डोंगरांशी रोज झुंजणारी तीस माणसं. पाच वर्षं त्या तिथं जात होत्या. घरी त्यांची आई, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली, अधूनमधून विचारायची, "नळ चमकला की लोक पैसे देतात. घाम चमकला तर कोण देणार गं?"

ताई प्रिंट तेवढे काढत राहत.

त्यांचा एक नेम होता. नवे प्रिंट झाले की मला काखोटीला मारून तळघरात न्यायचं. माणसं हात पुसून माझ्याभोवती जमायची.

"माझं नाक एवढं मोठं आहे?"

"याहून मोठं आहे. फोटोत दबलंय."

हसण्याचा नुसता कल्लोळ. मला ते दिवस फार आवडायचे.

त्या तीस जणांत एक मावशी होत्या. चादरींच्या घड्या घालण्यात बावीस वर्षं गेलेल्या. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या चादरींच्या ढिगाला टेकून झोपल्या. एक चप्पल पायातून निसटलेली, तोंड जरासं उघडं, मागून वाफेतून आलेला उजेड. ताईंनी एकच फोटो काढला. तो माझ्यात आला तेव्हा बाकीचे एकोणीस फोटो मुकाट बाजूला सरकले, असं मला वाटलं. मावशींनीही तो पाहिला, लाजल्या, संमतीच्या कागदावर सही केली. "मी झोपेत बरी दिसते म्हणायची," म्हणाल्या.

चार महिन्यांनी मात्र त्या ताईंच्या खोलीवर आल्या. बसल्याही नाहीत.

"ताई, तो झोपेतला फोटो कुठं लावू नका. लाँड्रीला नवा ठेकेदार येतोय. माणसं पुन्हा निवडणार आहे. सुट्टीतली झोप होती, पण फोटोत सुट्टी थोडीच दिसते?"

"नाही लावणार, मावशी. शब्द देते."

मावशी गेल्या. ताईंनी मला उघडलं, तो फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मला वाटलं, आता बाहेर काढून ठेवतील. त्यांनी तो सगळ्यांच्या तळाशी सरकवला आणि झाकण लावलं.

पुढच्याच सोमवारी आम्ही गॅलरीत गेलो. बारा वर्षं ताई ज्या दारांवर धडका देत होत्या, त्यातलं पहिलं दार उघडलं होतं. गॅलरीवाल्या बाईंनी पांढरे हातमोजे घातले आणि एकेक फोटो उचलायला सुरुवात केली. एक पाहून झाला की पुढचा. आठवा. बारावा. ताईंनी टेबलाची कड घट्ट धरलेली. सतरावा. मी मनात म्हणत होते, बाई, आता थांबा. एकोणिसावा झाल्यावर ताईंनी झाकणाला हात घातला.

"अजून एक दिसतोय तळाशी," बाई म्हणाल्या.

त्यांनी तो उचलला. खुर्चीत मागं टेकल्या. मग म्हणाल्या, "हा आहे तुमचा फोटो. बाकीचे एकोणीस याच्यासोबत चालतील. सात आठवड्यांनी प्रदर्शन लावू. निमंत्रणाच्या कार्डावर हाच."

"त्याची जरा अडचण आहे..."

"कसली?"

ताईंनी बाईंकडं पाहिलं. मोकळ्या पांढऱ्या भिंतींकडं पाहिलं.

"नाही. काही नाही," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी मी घरी परतले ती एकोणीस फोटो घेऊन. तरी मला ओझं जास्त वाटत होतं.

आईनं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "त्या मावशींना विचारलंस?"

"विचारीन."

"केव्हा?"

ताईंनी मला उचलून कपाटात ठेवलं. दाराचा आवाज गरजेपेक्षा मोठा झाला.

पाच आठवडे त्या तळघरात गेल्याच नाहीत. कार्डं छापून झाली. निम्मी टपालात पडली. मग एका सकाळी, काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी मला काखेत घेतलं आणि लाँड्री गाठली. माणसं नेहमीसारखी जमली. मावशी हात पुसून एकेक फोटो उलटत तळापर्यंत गेल्या.

"काढून टाकलात ना तो? लई जिवाला घोर लागला होता बघा." त्यांनी ताईंच्या दंडावर हात ठेवला. "सोमवारी यादी लागणार आहे."

ताई काहीतरी पुटपुटल्या. मला बंद करून जिना चढून बाहेर आल्या, बाकावर बसल्या. मी मांडीवर. त्यांची बोटं माझ्या कापडात रुतत होती. समोरून चादरींची एक गाडी गेली, दुसरी गेली. मग त्या उठल्या आणि पुन्हा जिना उतरल्या.

सगळ्यांसमोर त्यांनी सांगितलं. फोटो दिलाय. कार्डावर छापलाय. निम्मी कार्डं गेली आहेत.

यंत्रं चालूच होती, पण हातांचा आवाज थांबला. मावशी म्हणाल्या, "मग मला कशाला सांगता? मी काय टपालातनं काढून आणू?" आणि त्या चादर झटकून घडी घालायला लागल्या. त्या दिवशी आम्हाला कुणी चहा विचारला नाही.

तिथून आम्ही सरळ गॅलरीत. ताईंनी तो फोटो परत मागितला.

"एका फोटोसाठी?" बाई उभ्या राहिल्या. "संमतीवर सही आहे ना?"

"आहे."

"मग?"

"सही आधीची आहे. त्यांचं नाही म्हणणं नंतरचं आहे. आणि ते मला माहीत होतं."

"हे तुम्ही पाच आठवड्यांपूर्वी सांगायचं होतं. माझं नाव आहे त्या कार्डावर."

"चूक माझी आहे."

"असल्या चुका करणाऱ्यांसाठी माझ्याकडं भिंत नाही." बाईंनी चौकटीतून फोटो काढला, माझ्यात ठेवला आणि झाकण आपटलं. माझा डाव्या बाजूचा सांधा फाटला तो तेव्हा. पण त्या बाईंचा मला राग नाही. फसवलं गेलं होतं त्यांनाही.

ताई तरी थांबल्या नाहीत. गेलेल्या कार्डांतलं एक दवाखान्याच्या अधीक्षकांना होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा ते त्यांच्या टेबलावर, पेनांच्या डब्याला टेकवून उभं केलेलं.

"छान आलाय फोटो," साहेब म्हणाले.

"साहेब, ही जेवणाची सुट्टी होती. मी तिथं होते. हवं तर लिहून देते."

"बाई, यादी ठेकेदार करतो."

"मग त्यांना दाखवू नका. कार्ड मला परत द्या."

साहेबांनी एकदा ताईंकडं पाहिलं, एकदा कार्डाकडं. मग दोन बोटांनी ते पुढं सरकवलं. "ठेकेदार काल इथंच बसला होता," ते म्हणाले. "त्यानं पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही."

सोमवारी यादी लागली. मावशींचं नाव होतं, सगळ्यात शेवटी, सहा महिने काम पाहण्याच्या बोलीवर. घड्यांचं काम गेलं. मळक्या कपड्यांची गाठोडी उचलायचं काम आलं. त्यामागं ते कार्ड होतं की नव्हतं, हे कुणालाच कळलं नाही. न कळणं हीच ताईंची शिक्षा झाली.

प्रदर्शन बुडालं. इतर गॅलऱ्यांपर्यंत बातमी गेली. तरी ताई आठवड्यातून एकदा तळघरात जात राहिल्या, कॅमेरा न घेता. कोपऱ्यात बसायच्या, कुणी म्हणालं तर चादरीचं दुसरं टोक धरायच्या. अकरा महिने. आईनं एकदा विचारलं, "काय मिळतं तुला तिथं बसून?" ताई म्हणाल्या, "अजून काही नाही."

मग एक दिवस मावशी गाठोडं खाली ठेवून म्हणाल्या, "नुसत्या काय बसता? यंत्र आणा की तुमचं. पण मी उभी असताना काढायचा. आणि आधी मला दाखवायचा."

ताईंचं खरं काम तिथून सुरू झालं, असं मला वाटतं. लाँड्री, मग दवाखान्याचं स्वयंपाकघर, मग शववाहिकांचे चालक. त्यांची दारं एकमेकांच्या सांगण्यावरून उघडत गेली. "या बाई विचारून घेतात," एवढीच शिफारस. सहा वर्षांनी एका संग्रहालयानं लाँड्रीचा संच घेतला. आता त्या आठवड्यातून एक दिवस शिकवतात. नळांचे फोटो अजूनही काढतात, आणि ते सांगताना लाजत नाहीत.

मी आता म्हातारी झालेय. सांध्याला ताईंनी दोनदा पट्टी लावली. प्रवासाला नवी पेटी आहे. मला वाटलं, रद्दीत जाणार. पण ताईंनी मला वेगळं काम दिलं. ज्यांनी आधी हो म्हटलं आणि मग नाही म्हटलं, त्यांचे फोटो माझ्यात राहतात. आज चौदा आहेत. फार चांगले आहेत, एवढंच सांगते. कोणते ते विचारू नका.

ताई काही कायमच्या नाहीत. उद्या कुणीतरी हे कपाट आवरायला येईल. कदाचित तुम्हीच. माझ्यावर पांढरी चिठ्ठी आहे, त्यावर ताईंच्या अक्षरात लिहिलंय: 'यांना विचारल्याशिवाय उघडू नये.' खाली चौदा नावं आहेत. झाकणाला हात लावण्याआधी तेवढी वाचा.